पांढरमाळचा चांदा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली की बुऱ्हाणपुरात ऊन माणसाच्या अंगावर धावून येतं. राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दुपारी बाराला कुत्रंही दिसत नाही. पावरलूमचा खडखडाट तेवढा चालू असतो, आणि वीज गेली की तोही थांबतो. मग जी शांतता होते ती विसाव्याची नसते. भांडणानंतर घरात असते तशी असते. लोक म्हणतात, यंदा फार तापलं. दरवर्षी म्हणतात. मी या उन्हाला ओळखतो आणि ते मला ओळखतं. आमचं जुनं वैर आहे.

मी पटवारी होतो. पिकं उभी असताना शेतातून जरीब ओढता येत नाही, म्हणून सीमांकनाचे सगळे अर्ज उन्हाळ्यावर येऊन पडत. लोकांची लग्नं चालू असायची आणि आम्ही माळरानावर लोखंडी कड्यांची साखळी ओढत फिरायचो. जरीब एवढी तापायची की हाताला फडकं गुंडाळल्याशिवाय धरवत नसे. मोजणी म्हणजे मुळातच दोन शत्रूंमधलं काम. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, या बाजूला एक उभा, त्या बाजूला दुसरा, आणि मधून चालणाऱ्या पटवाऱ्याकडे दोघेही चोराकडे पाहावं तसे पाहतात. पाणी दोघेही देतात. दोघांचंही प्यावं लागतं, नाही तर एकाचंच प्यायलं असा बोभाटा होतो.

मोजणी सुरू होते चांद्यापासून. चांदा म्हणजे सरकारनं रोवलेला दगड. नकाशावर त्याची खूण असते आणि सगळी मापं त्याच्यापासून धरायची असतात. त्याला हात लावणं गुन्हा. लांबून दिसावा म्हणून त्याला चुना फासतात. आमच्या खात्यात एक सवय अशी होती की माळावर एकटा उभा पांढरा दगड दिसला की छाती हलकी व्हायची. चला, चांदा मिळाला. ही सवय मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं.

तुकईथडहून डोंगराकडे निघालं की केळीची बाग खालीच राहते. थोडा वेळ कपाशीची शेतं सोबत करतात, मग तीही मागे फिरतात. वर जो सपाट माळ आहे त्याला लोक पांढरमाळ म्हणतात. काळा खडक, त्यावर वीतभर माती, घाणेरीची जाळी आणि कपडे फाडणारे काटे. तिथल्या विहिरीचं पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. माळाच्या कडेला पंधरा-वीस घरांची वस्ती. त्या माळाला माणूस नको असावा असंच वाटायचं मला. वारादेखील हाकलून दिल्यासारखा वाहायचा.

आणि तरीही तिथं फार पूर्वी माणसं राहिली होती. नुसती राहिली नव्हती, मेलीही होती, आणि मागे राहिलेल्यांनी त्यांना नीट पुरलं होतं. गुडघाभर उंचीच्या शिळांचं एक मोठं वर्तुळ. आत गोट्यांचा पसरट ढीग, मधोमध पलंगाएवढी सपाट शिळा, आणि वर्तुळाच्या पलीकडच्या कडेला पुरुषभर उंचीचा एक उभा दगड. नागपूरकडे अशी शिळावर्तुळं पुष्कळ सापडली आहेत, ती दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची, हे मला फार नंतर कळलं. वस्तीला काळवेळ ठाऊक नव्हता. त्यांच्यासाठी ते मढ्यांचे दगड होते. कुणाची मढी, तर आपल्या आधी जे इथं होते त्यांची. एवढं त्यांना पुरत होतं.

आखाजीला आपल्याकडे घरोघर पितरांची घागर भरतात. त्या वस्तीत एक घागर जास्तीची भरत. ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही त्यांची ती घागर. सगळ्या घरांतून एकेक तांब्या पाणी तीत पडायचं, आणि ती डोक्यावर घेऊन कोटवार माळावर जायचा. कोटवार म्हणजे गावचा राखणदार, सरकारचाही निरोप्या. उभ्या दगडावर तो वरून पाणी ओतायचा. किती पिढ्या ते जड पाणी त्या दगडावर सुकलं असेल. दगड वरपासून खालपर्यंत पांढरा पडला होता.

त्या उन्हाळ्यात मी तिथं नवा होतो. माळाला लागून असलेल्या शेताचं सीमांकन होतं. शेत देवचंद पाटलाचं. नकाशाप्रमाणे चांदा त्याच्या शेताच्या कोपऱ्यावर असायला हवा होता आणि दोन तास हिंडूनही सापडत नव्हता. डोक्यावरचा ओला पंचा केव्हाच सुकून कडक झाला होता. तेवढ्यात मला माळावर तो पांढरा दगड दिसला.

"तो काय चांदा," मी म्हणालो.

गेंदा कोटवार माझ्या मागे होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तो चांदा नही सायेब. तो मढ्यायचा दगड आहे."

"चुना कुणी लावला मग? मढ्यांनी?"

जरीब ओढणारे हसले. पाटीलही हसला. गेंदा हसला नाही.

"चुना नही तो. पानी आहे."

"पाणी पांढरं असतं होय रे तुमच्याकडे?"

पुन्हा हसणं झालं. मी जवळ जाऊन नखानं खरवडलं असतं तरी कळलं असतं. चुना बोटाला लागतो, तो थर लागत नाही. मी खरवडलं नाही. गेंदाला सगळ्यांदेखत खोटं पाडल्यावर पुन्हा खात्री करून घेणं मला कमीपणाचं वाटलं. आम्ही त्या दगडापासून जरीब टाकली. मापं नकाशाशी जुळेनात. कुठे थोडी सरकवली, कुठे उताराचं कारण दिलं. अख्खं वर्तुळ पाटलाच्या शेतात आलं. पाटलाच्याही ते ध्यानीमनी नव्हतं. तो क्षणभर गोंधळला आणि मग त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी अजून विसरलो नाही.

पंचनामा मी तिथंच पळसाच्या सावलीत लिहिला. त्यात लिहिलं की कोटवार गेंदा यानं सदर दगड हाच चांदा असल्याचं ओळखून दाखवलं. वाचून दाखवताना मात्र म्हणालो, कोटवार गेंदा मोजणीच्या वेळी हजर होता. हे मी जाणूनबुजून केलं. चांदा ओळखण्याची साक्ष गावच्या माणसाची लागते आणि त्याच्याशी आणखी वाद घालण्याची माझी ताकद नव्हती. त्याच्या नावापुढे मी आपल्या मनानं 'अशिक्षित' असं लिहून टाकलं. गेंदानं हात पुढे केला. तीन बोटं जुळवून, जरा वर धरून. मला वाटलं, तंबाखू मागतोय.

"तंबाखू नंतर," मी म्हणालो, आणि त्याचा अंगठा धरून शाईत दाबला.

"सायेब, मी..." तो म्हणाला.

"झालं झालं. तू काय गहाण पडत नाहीस."

तिसऱ्या दिवशी त्याच वाटेनं खाली येताना मी आडोसा म्हणून घाणेरीच्या जाळीत शिरलो. पायाला काही तरी ठेचलं. फांद्या बाजूला केल्या तर हातभर उंचीचा घडीव दगड, माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. खरा चांदा. वर्तुळाच्या अलीकडे, पांढऱ्या दगडापासून जरीबीच्या सत्तर कड्यांवर. पंचनामा अजून माझ्या पिशवीत होता. तहसीलला दिलेला नव्हता. फाडला असता तर कुणाला कळलंही नसतं.

लोकांना आजही वाटतं की पाटलानं मला काही तरी दिलं. त्यानं एक टरबूज दिलं होतं, तेही जरीब ओढणाऱ्यांनी खाल्लं. मी लाच खाल्ली असती तर निदान सांगायला कारण असतं. माझं कारण एवढंच, की ऊन होतं. पुन्हा वर चढायचं, पुन्हा सगळी जरीब टाकायची, आणि ज्याला हसलो त्या कोटवारासमोर म्हणायचं की तुझं बरोबर होतं. मी आजूबाजूचे गोटे गोळा केले आणि चांदा झाकून टाकला. वर घाणेरीची फांदी ओढली. तिचा तो उग्र वास कितीतरी दिवस हातांना येत होता. अजूनही कुठे घाणेरी फुललेली दिसली की मी रस्ता बदलतो.

पावसाआधी पाटलानं शिळा फोडल्या. बांधाला दगड हवा होता आणि जमीनही मोकळी करायची होती. शिळेवर लाकडं पेटवायची, शिळा लाल झाली की थंड पाणी ओतायचं. मोठा आवाज होऊन तिला तडा जातो. मग पहार. मी दुसऱ्या कामाला त्या बाजूला गेलो होतो तेव्हा ते चालू होतं. मधल्या शिळेखाली मातीची भांडी निघाली, आत काळी, बाहेर लाल, हात लावताच फुटणारी. एक गंजलेली लोखंडी पाती. आणि हाडं, खडूसारखी. मजुरांनी ती फावड्यानं बाजूला केली. पायाखाली खापऱ्या कडकड वाजत होत्या. कुणी तरी कुणाला तरी पाणी लागू नये म्हणून एवढ्या मोठ्या शिळेनं झाकलं होतं, आणि आम्ही एका उन्हाळ्यात ते उघडून फेकलं.

एकच दगड वाचला, तो पांढरा. पाटलानं स्वतःच मजुरांना बजावलं, "त्याला हात लावू नका, तो सरकारी आहे." माझ्या खोट्यानं बाकीचे सगळे मारले आणि त्याला एकट्याला राखलं. यावर मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत काढत आलो.

वस्तीनं पाटलाचं काही केलं नाही, करू शकत नव्हती. पंचनाम्याची गोष्ट मात्र पाटलानंच सगळ्यांना सांगितली: तुमच्याच कोटवारानं अंगठा लावलाय. मग सगळी वस्ती गेंदावर उलटली. तो सांगत राहिला, मी असं बोललोच नही. लोक म्हणत, मग अंगठा कुणाचा? एकदा त्यानं मला तहसीलच्या आवारात गाठलं.

"सायेब, त्या कागदावर काय लिवलं व्हतं, एकडाव येऊन सांगा लोकायले."

"तुला वाचून दाखवलं होतं ना?" मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी दिली नाही. मला वाटतं, त्याच क्षणी त्याला कळलं की चूक नव्हती, मुद्दाम होतं. तो वळून उन्हात चालू लागला, आणि मी आत जाऊन पंख्याखाली बसलो.

पुढच्या आखाजीला त्याच्या घागरीत कुणी तांब्या ओतला नाही. तो आपल्याच घरची घागर घेऊन एकटा माळावर गेला. मरेपर्यंत जात राहिला असं ऐकलं. त्याच्या मुलीला, सुमनला, शाळेत पोरं 'अंगठ्याची पोरगी' म्हणत. हेही ऐकलं. ऐकण्यात मी हुशार होतो.

हे सगळं यंदाच्या वैशाखात लिहायला बसण्याचं कारण एक फोन. त्या हलक्यात, म्हणजे पटवाऱ्याकडच्या त्या गावांत, आता जो पटवारी आहे तो तिशीतला मुलगा. कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून त्यानं विचारलं, "सर, पांढरमाळ का पुराना चांदा. नक्शे से मॅच ही नहीं हो रहा. मशीन कुछ और बता रही है. तुम्हाला आठवतं का काही?"

नवी मोजणी चालू आहे. आता जरीब नाही. यंत्र आकाशातल्या उपग्रहाला विचारतं. एकदा बिंदू नोंदला की तो पक्का. म्हणजे माझं खोटं यंदा कायमचं खरं होणार होतं. बायको म्हणाली, "आठवत नाही म्हणून सांगा. या वयात कशाला उन्हात जाता?" सोपं होतं. सगळा जन्म मी हेच सोपं केलं होतं.

सकाळच्या बसनं तुकईथडला गेलो, तिथून त्या मुलाच्या मोटारसायकलवर वर. माळ तसाच होता. त्यानं मला ओळखलं असावं, कारण उतरताक्षणी धोतराला काटा लागला. घाणेरी दुप्पट वाढली होती. मी दाखवलेल्या जागी मजुरांनी ती तोडली, गोटे काढले. फुलीचा दगड निघाला. आम्ही बघत असतानाच एक पाल त्याच्यावरून सरसरत गेली. मुलानं यंत्र लावलं, आणि आकडे नकाशावर बसले. सत्तर कड्यांची पट्टी पाटलाच्या शेतातून निघून पुन्हा सरकारी माळात गेली.

देवचंद पाटील आता नाही. त्याचा नातू बुलेटवर येऊन उभा होता. "बाबूजी, म्हातारपणी देवाची आठवण आली का?" तो म्हणाला. "आमच्या आजोबाला चोर बनवायला इतक्या लांब आले?"

"चोर मी," मी म्हणालो. "तुझ्या आजोबाला ठाऊक नव्हतं. शिळा फोडल्या एवढंच त्याचं."

तो थुंकला. मग पांढऱ्या दगडाकडे बोट करून पटवाऱ्याला म्हणाला, "मग आता तो काही सरकारी नाही ना? इतकी वर्षं ट्रॅक्टरला आडवा येतोय."

पटवारी मुलानं माझ्याकडे पाहिलं. "सर, बात तो सही है. चांदा नाही तर मग त्याला कलम लागत नाही."

हे मला रात्रंदिवस छळत होतं, येण्याआधीही. खरं बोललो तर गेंदा खोटा ठरणार नाही, पण शेवटचा दगड उघडा पडेल. मी मुलाला म्हणालो की जागा आता सरकारी माळाची आहे. खसऱ्यात, म्हणजे शेतांच्या नोंदवहीत, शेवटी कैफियतीचा, शेऱ्यांचा रकाना असतो, त्यात विहीर, झाड, मसणवट सगळं लिहितात, त्यात लिही: पुरातन मढ्यांची जागा, उभा दगड एक. मी त्या रकान्यात कधी काही लिहिलं नव्हतं. मोकळा रकाना पटवाऱ्याला आवडतो. मुलानं लिहिलं. पण कागद दगडाला किती राखतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

सुमनला मुलानंच बोलावून घेतलं होतं. ती वस्तीत अंगणवाडी चालवते. पन्नाशीकडे आलेली, बापासारखी उंच. तिनं मला नमस्कार केला नाही. मी माझा कबुलीचा कागद बुऱ्हाणपूरहून लिहून आणला होता: चांदा मीच चुकीचा धरला, गेंदा कोटवार यानं अडवलं होतं, पंचनाम्यात मी खोटं लिहिलं आणि वेगळं वाचून दाखवलं, खरा चांदा मीच झाकला.

"वाचा," ती म्हणाली.

मी उन्हात उभा राहून मोठ्यानं वाचलं. वस्तीतली सात-आठ माणसं आली होती. वाचून झाल्यावर कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला आणि पहिल्या शब्दापासून स्वतः मोठ्यानं वाचायला लागली. सावकाश, बोट ठेवून. मला आधी कळेना. मग कळलं: मी जे वाचलं तेच लिहिलंय का, हे ती ताडून पाहत होती. एवढा लांब कागद मी का लिहिला असं झालं मला. माणसं ऐकत होती. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे गेंदा खरं बोलत व्हता."

"जुळतं," सुमन म्हणाली. पिशवीतून तिनं अंगणवाडीची शाईची डबी काढली. झाकण उघडून माझ्यापुढे धरली. "लावा अंगठा."

"मला सही येते, बाई."

"बापूले बी येत व्हती," ती म्हणाली. "मी दुसरीत व्हती तवा मीच पाटीवर शिकवली व्हती. तुमी इचारलं कुठं?"

तीन बोटं जुळवून पुढे केलेला तो हात मला दिसला. तो तंबाखू मागत नव्हता. पेन मागत होता.

शाई उन्हानं सुकून गेली होती. तिनं बाटलीतलं चार थेंब पाणी डबीत टाकलं. मी अंगठा दाबला, कागदावर उमटवला. जांभळी शाई नखाच्या कडेत शिरली. पुसायला काही नव्हतं.

"थोडं पाणी दे," मी म्हणालो.

तिनं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग चार पावलं चालत गेली आणि उरलेलं सगळं पाणी पांढऱ्या दगडावर ओतलं.